पवित्र टेकडीवरील रोझरीमाता

संत फ्रान्सिस झेविअर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी दर दहा वर्षांनी जुन्या गोव्यात भाविकांची अलोट गर्दी लोटते. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात हा योग पुन्हा आला. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून, म्हणजे अजूनही आपल्या तोंडी ‘नगर’ हेच नाव असलेल्या मुलखाहून, गोवा काही हाकेच्या अंतरावर नाही. घाटमाथ्यावरून खाली उतरून, रात्रीचा दिवस करून तेथे पोहोचावे लागते. एवढ्या सायासाने गेलेल्या भाविकाची यात्रा बहुधा ठरलेलीच असते. बॉम जेझुस बॅसिलिका, रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रल, वेळ उरला तर असिसीकर संत फ्रान्सिस यांचे चर्च, आणि मग परतीची गाडी.

बॅसिलिकेच्या पश्चिमेस एक चढण आहे. पोर्तुगीज लोक या टेकडीला ‘मोंते सांतो’, म्हणजे पवित्र टेकडी, म्हणत. चढणीवर संत ऑगस्टीन यांच्या चर्चचा भग्न मनोरा उभा आहे. जे थोडे लोक चढून येतात, ते हा मनोरा पाहून माघारी वळतात. परंतु त्याच्याही पुढे, टेकडीच्या टोकाशी, खाली वाहणाऱ्या मांडवीवर नजर ठेवून एक लहानसे ख्रिस्तमंदिर उभे आहे. ते रोझरीमातेचे, जपमाळेच्या राणीचे मंदिर. आकाराने एवढे लहान, की आपल्या जिल्ह्यातील यात्रेच्या गर्दीतला एक कोपराही त्यात मावणार नाही. तथापि जुन्या गोव्यात आज उभ्या असलेल्या ख्रिस्तमंदिरांपैकी सर्वांत जुन्यांत त्याची गणना होते. या लेखात आम्ही या मंदिराचा इतिहास आणि त्याची बांधणी वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

नगरच्या वाचकाने गोव्यातील एका टेकडीवरच्या चर्चमध्ये मन का घालावे, असा प्रश्न येथे रास्त ठरेल. आपल्या जिल्ह्यातील कॅथलिक धर्मग्रामांचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात सुरू होतो. त्यापूर्वीचे, मध्ययुगातले असे एकही ख्रिस्तमंदिर आपल्या पंचक्रोशीत नाही. युरोपात मध्ययुग साधारण १५०० च्या सुमारास संपले असे मानतात. आपल्याकडील इतिहासकार मात्र ते अठराव्या शतकापर्यंत आणतात. रोझरीमातेचे मंदिर बरोबर या सांध्यावर उभे आहे. युरोपातील मध्ययुगीन बांधणीचा शेवटचा श्वास आणि आपल्या भूमीतील ख्रिस्ती धर्मग्रामाचा पहिला उच्छ्वास, असे दोन्ही त्याच्या भिंतींत एकत्र आले आहेत. धर्मग्राम म्हणजे काय, तो कशाने उभा राहतो आणि कशाने टिकतो, हा प्रश्न आपणालाही लागू आहे.

त्या काळाचे चित्र प्रथम डोळ्यांसमोर आणू या. १४९० मध्ये मलिक अहमदने बहमनी सत्तेपासून फुटून निजामशाहीचा पाया घातला आणि चारच वर्षांनी सीना नदीच्या काठी अहमदनगर वसवले. समुद्रकिनाऱ्यावरील चौल हे या राज्याचे मोठे बंदर होते. दक्षिणेकडे गोवा विजापूरच्या आदिलशाहीकडे होता. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला आणि बारा वर्षांच्या आत पोर्तुगीजांनी गोव्यावर झेप घातली. १५१० च्या आरंभी अफान्सो द अल्बुकर्क याने ते शहर घेतले, मे महिन्यात ते त्याच्या हातून गेले, आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी, अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीन यांच्या सणाच्या दिवशी, त्याने ते पुन्हा जिंकले. त्या दिवशी याच टेकडीवरून तो लढाईवर लक्ष ठेवून होता, आणि जय मिळाल्यास पवित्र मारियेच्या नावाने येथे मंदिर बांधीन असा नवस त्याने केला होता, असे परंपरा सांगते. चर्चच्या भिंतीवरील पोर्तुगीज भाषेतला शिलालेख त्या दिवसाची आठवण आजही देतो.

हा शिलालेख वाचताना ख्रिस्ती मनाला अभिमानापेक्षा अस्वस्थताच अधिक वाटावी, असे आमचे मत आहे. शहर घेतल्यावर तेथील मुसलमान रहिवाशांची चार दिवस कत्तल झाली आणि त्यात स्त्रिया व मुलेही सुटली नाहीत, हे अल्बुकर्कने स्वतःच आपल्या राजाला पत्राने कळवले आहे. ते कोणा शत्रूने केलेले आरोप नव्हेत. जपमाळेच्या मातेचे नाव आणि त्या चार दिवसांचे रक्त एकाच टेकडीशी जोडले गेले आहे, ही गोष्ट झाकून ठेवून या मंदिराचा इतिहास लिहिता येणार नाही. ‘तुमचा धर्म तलवारीबरोबर आला’ असे आपल्याला कोणी म्हणते, तेव्हा आपण एक तर गप्प बसतो किंवा रागावतो. वास्तविक या दोन्हींची आवश्यकता नाही. काय घडले ते नीट पाहावे, आणि त्याच जागी आणखी काय घडले तेही नीट पाहावे.

आज दिसणारी इमारत नवसानंतर लगेच झालेली नाही. ती साधारण १५४३ ते १५४९ या काळातील आहे. मधल्या तीन दशकांत गोवा लष्करी तळ राहिला नव्हता. तेथे बाजार वसला होता, कुटुंबे राहू लागली होती, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या स्थानिकांची संख्या वाढत होती. १५३४ मध्ये गोव्याचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. फ्रान्सिस्कन संघाचे जुआंव द अल्बुकर्क हे त्याचे महागुरुस्वामी म्हणून १५३८ मध्ये येऊन पोहोचले. शहर वाढले तसे एकट्या कॅथेड्रलला सर्वांची सोय पाहणे अशक्य झाले आणि नवे धर्मग्राम करण्यात आले. टेकडीवरील रोझरीमातेचे मंदिर त्यांपैकी एक होते. सेनापतीच्या नवसाची जागा अशा रीतीने सामान्य कुटुंबांच्या बाप्तिस्म्याची, लग्नाची आणि अंत्यविधीची जागा झाली. आमच्या दृष्टीने या मंदिराच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा बदल होय.

आता इमारतीकडे वळू. प्रथमदर्शनी ती चर्चपेक्षा एखाद्या लहानशा गढीसारखी वाटते. दर्शनी भागापुढे द्वारमंडप आहे. कोपऱ्यांना गोल, बुरुजवजा मनोरे आहेत. त्यांच्या माथ्यावर लहान घुमट आणि घुमटांवर क्रूस आहेत. खिडक्या लहान असून भिंतीत बऱ्याच उंचावर, जवळजवळ छपरालगत काढल्या आहेत. भिंती जाड आहेत. ज्या काळात विजापूरची फौज कधी चालून येईल याचा नेम नव्हता, त्या काळात टेकडीवरचे देवालयही प्रसंगी आसरा देऊ शकेल असे बांधणे स्वाभाविक होते.

मनोऱ्यांकडे लक्षपूर्वक पाहिले तर त्यांच्याभोवती दगडात कोरलेले दोरखंडाचे वेढे दिसतात. जहाजावरील जाडजूड दोर जणू कोणी मनोऱ्याला आवळून बांधला आहे. पोर्तुगालचा राजा पहिला मानुएल (कारकीर्द १४९५ ते १५२१) याच्या नावावरून या शैलीला ‘मानुएलीन’ म्हणतात. समुद्रावर जगणाऱ्या राष्ट्राने आपले दोर आणि जहाजांची इतर चिन्हे मध्ययुगीन गॉथिक बांधणीत मिसळली आणि ही शैली जन्मास आली. पुढे लवकरच युरोपात आणि गोव्यातही नवी, ग्रीक-रोमन वळणाची बांधणी रूढ झाली. से कॅथेड्रल किंवा बॅसिलिका पाहताना जे भव्य स्तंभ आणि प्रमाणबद्ध मजले दिसतात, ते त्या नव्या वळणाचे आहेत. म्हणूनच रोझरीमातेच्या चर्चमध्ये शिरणे म्हणजे त्या सर्वांच्या मागे, एका जुन्या युगात शिरणे आहे.

आत गेल्यावर हे अधिकच जाणवते. भाविकांच्या दालनावर लाकडी तुळयांवर टेकलेले साधे कौलारू छप्पर आहे. वेदीवर मात्र दगडी छत आहे आणि ते गॉथिक पद्धतीचे आहे. या पद्धतीत चारी कोपऱ्यांतून कमानींच्या बरगड्या निघतात, वर एकमेकींना छेदतात आणि त्यांच्यामधली पोकळी दगडाने भरून घेतात. छताचा भार सगळ्या भिंतीवर सारखा न पडता बरगड्यांतून कोपऱ्यांकडे उतरतो. उघड्या छत्रीच्या काड्या पाहिल्या म्हणजे या रचनेची कल्पना येईल. हे काम खर्चाचे, वेळखाऊ आणि कुशल पाथरवटांचे. सगळ्या चर्चवर असे छत घालणे त्या लहान धर्मग्रामाला झेपणारे नव्हते. म्हणून जेथे मिस्साबलिदान अर्पण होते तेवढ्या जागेवर दगडाची कमान उभारली, आणि माणसांच्या डोक्यावर कौले आली. आपल्या खेड्यातील जुनी प्रार्थनामंदिरे आठवून पाहा. वेदीला फरशी आणि बाकीच्यांना शेणाने सारवलेली जमीन, हा हिशेब आपल्या आजोबा-आजींनीही असाच केला होता.

बांधकामाचा दगड जांभा आहे. नगरकडील आपल्याला काळ्या पाषाणाची सवय. घडवताना छिन्नीला दाद न देणारा तो दगड एकदा बसवला की शतकानुशतके ऊनपावसाला जुमानत नाही. जांभ्याची रीत उलटी. खाणीतून काढताना तो मऊ असतो, सहज कापला जातो, आणि हवा लागली की टणक होतो. परंतु तो सच्छिद्र असल्यामुळे कोकण-गोव्याच्या पावसात उघडा राहिला तर झिजत जातो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा द्यावा लागतो आणि तो वरचेवर नवा करावा लागतो. बॉम जेझुस बॅसिलिकेचा तांबूस, उघड्या दगडाचा चेहरा पाहून आपण तिला तशीच बांधली असावी असे समजतो. वस्तुतः तिचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास काढून टाकण्यात आला, आणि उघड्या पडलेल्या दगडाची झीज हा आज जाणकारांच्या चिंतेचा विषय झाला आहे. रोझरीमातेच्या चर्चच्या अंगावर गिलाव्याचे आवरण आहे. गिलावा दिसायला साधा, पण तोच दगडाचे रक्षण करतो, हे बांधणाऱ्यांना ठाऊक होते.

आतील एक गोष्ट पाहिल्यावाचून परत येऊ नये. वेदीजवळील भिंतीत कोनाडा करून बसवलेले एक नक्षीदार स्मारक आहे. ते कातारिना आ पिरो या स्त्रीचे. पोर्तुगालहून भारतात आलेल्या पहिल्या काही स्त्रियांमध्ये तिची गणना होते. ती सामान्य घराण्यातली होती. गार्सिया द सा या उमरावाशी तिचा दीर्घ काळ संबंध होता, पण विवाह झालेला नव्हता. पुढे १५४८ मध्ये हा गार्सिया गोव्याचा गव्हर्नर झाला. कातारिना मृत्युशय्येवर असताना संत फ्रान्सिस झेविअर यांनी त्या दोघांचे लग्न लावले अशी परंपरा आहे. गव्हर्नरच्या पत्नीचा मान तिला आयुष्यात जेमतेम काही घटकाच लाभला असेल. पण तिचे स्मारक मात्र साडेचारशेहून अधिक वर्षे वेदीच्या शेजारी आहे.

या स्मारकाची कलाकुसर पोर्तुगीज वळणाची नाही. तिच्यावर गुजरातकडील कारागिरीची छाप जाणकारांना दिसते. वेलबुट्टी, बारीक जाळीदार काम आणि कोनाड्याची घडण पाहून नगरच्या माणसाला आपल्या किल्ल्याजवळची दमडी मशीद आठवल्याशिवाय राहणार नाही. १५६७-६८ च्या सुमारास बांधलेली ती मशीदही अशीच लहानशी आणि तिचे दगडी कोरीवकामही असेच हात लावून पाहावे असे आहे. मजुरांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी देऊन ती उभारली, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. राजे आणि सेनापती परस्परांशी लढत होते, त्याच काळात त्यांचे पाथरवट मात्र एका देशाची वेल दुसऱ्या देशाच्या दगडावर चढवीत होते. रोझरीमातेच्या मंदिरात पोर्तुगालचा दोरखंड बाहेर आहे आणि हिंदुस्थानी वेलबुट्टी आत, वेदीपाशी आहे.

परंतु या मंदिराची खरी थोरवी दगडात शोधू नये. ६ मे १५४२ रोजी संत फ्रान्सिस झेविअर गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले. पोपमहाशयांचे प्रतिनिधी म्हणून आले असतानाही त्यांनी राहण्यासाठी रुग्णालय निवडले. सकाळी रोग्यांची आणि बंदीवानांची सेवा करावी, आणि दुपारनंतर हातात घंटा घेऊन शहराच्या रस्त्यांतून फिरावे, असा त्यांचा क्रम होता. घंटेच्या आवाजाने मुले गोळा होत, घरकामाचे गुलाम येत. त्या सर्वांना घेऊन ते पवित्र मारियेच्या एका लहान प्रार्थनामंदिरात जात आणि तेथे प्रार्थना, विश्वासांगीकार आणि देवाच्या आज्ञा शिकवीत. परंपरेने ही जागा रोझरीमातेची टेकडी मानली गेली आहे. त्याच वर्षी २० सप्टेंबरला लिहिलेल्या पत्रात त्यांनी नमूद केले आहे, की पुष्कळदा तीनशेहून अधिक मुले जमत, आणि महागुरुस्वामींनी इतर मंदिरांतूनही असेच वर्ग चालवण्याची आज्ञा दिली.

ही घटना फार मोठी आहे. त्या शहरात गुलामाला बाजारात भाव होता, त्याला आत्मा आहे याची आठवण फार थोड्यांना होती. अशा शहरात धनी आणि गुलाम या दोघांची मुले एका रांगेत बसवून एकच प्रार्थना शिकवणे, हे कोणत्याही नवसाहून आणि विजयाहून मोलाचे होते. झेविअर यांना परभाषा सहज येत नव्हत्या. म्हणून ते प्रार्थना चालीवर म्हणत आणि मुलांकडून म्हणवून घेत. मुले घरी जाऊन त्या आईबापांना ऐकवीत. शिकवण्याची ही साधी युक्ती होती. पुढे याच भूमीत ती फळाला आली. १५५६ मध्ये गोव्यात भारतातील पहिला छापखाना सुरू झाला, आणि येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे ११ हजार ओव्यांचे आपले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये मराठीतून प्रसिद्ध केले. टेकडीवरील वर्गापासून मराठी ओवीपर्यंतचे हे अंतर चौऱ्याहत्तर वर्षांचे. आज मराठीतून प्रार्थना करणाऱ्या आपणा सर्वांचे त्या घंटेशी नाते आहे ते असे.

तथापि इतिहास एवढाच सांगून थांबत नाही. संतांच्या शहरातही अंधार होता. १५४० नंतर गोवा बेटावरील देवळे पाडण्यात आली. १५६० मध्ये तेथे धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झाले. मधला अल्प काळ सोडला तर ते १८१२ पर्यंत चालले. ते स्थापन करावे अशी विनंती झेविअर यांनी स्वतः १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला केली होती, हेही सत्य आहे. या न्यायालयाच्या एका बळीचा आपल्या नगरशी संबंध होता. १५३४ मध्ये गोव्यात आलेला वैद्य गार्सिया द ओर्ता हा अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा चिकित्सक आणि स्नेही होता. आपल्या मुलखातील वनस्पती आणि औषधे यांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला आणि सबंध युरोपात गाजला. १५६८ मध्ये तो वारला. पण त्याचे घराणे मूळचे ज्यू होते आणि तो गुपचूप जुना धर्म पाळत होता, असे ठरवून १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. निजामशहाच्या दरबारात ज्याला मान मिळाला, त्याला ख्रिस्ती शहरात मातीही लाभली नाही. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांनी गतकाळात केलेल्या पापांबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली, तेव्हा सत्याच्या नावाखाली केलेल्या सक्तीचाही त्यात उल्लेख होता. रोझरीमातेच्या मंदिरात गुडघे टेकताना ती क्षमायाचना आपलीही असावी.

मग त्या वैभवशाली गोव्याचे पुढे काय झाले? ‘गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहण्याची गरज नाही’ अशी म्हण ज्या शहराविषयी झाली, ते सतराव्या शतकात साथींच्या तडाख्यात सापडले. माणसे मेली, उरलेली निघून गेली. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीला हलवले, १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांना गोव्यातून घालवले आणि त्यांचे मठ ओस पडले. याच टेकडीवरील संत ऑगस्टीन यांचे चर्च त्या काळी भव्यतेत अग्रगण्य होते. १८४२ मध्ये त्याचे प्रचंड दगडी छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा हिस्सा ढासळला. उरलेला सुमारे ४६ मीटर उंचीचा मनोरा आज एकाकी उभा आहे.

आणि शेजारचे लहान मंदिर? ते उभेच आहे. याला बांधकामाचे कारण उघड आहे. भव्य दगडी छताला सतत देखभाल लागते. एकदा पाण्याने वाट केली, की त्याचे वजनच त्याचा वैरी होते. लाकूड आणि कौले यांचे मात्र तसे नसते. एक तुळई कुजली तर दुसरी घालता येते, चार कौले फुटली तर चार बदलता येतात. जे मंदिर थोड्या माणसांच्या ऐपतीत बांधले गेले, ते थोड्या माणसांच्या ऐपतीत जपताही आले. आज ते संरक्षित स्मारक आहे, आणि गोव्यातील चर्चेस व मठांना १९८६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, त्यात त्याचाही समावेश झाला. मात्र त्याच्याभोवतीचा धर्मग्राम शहराबरोबर विखुरला. दगड राहिले आणि माणसे गेली.

येथे आमचे मन पुन्हा नगरकडे वळते, कारण आपल्याकडे गोष्ट नेमकी उलट घडली. या मंदिराची पायाभरणी होत असताना आपले पूर्वज कोठे होते? ते अल्बुकर्कच्या गलबतांवर नव्हते आणि निजामशहाच्या दरबारातही नव्हते. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना चौलला वखार व कोट बांधू दिला आणि १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने त्याच चौलला वेढा घातला. या घडामोडी आपल्यापैकी बहुतेकांच्या पूर्वजांना दुरून ऐकू आल्या असतील, इतकेच. ते गावकुसाबाहेर होते. तेथे त्यांच्यापर्यंत ना कोणाचा नवस पोहोचला, ना कोणाची तलवार. पोर्तुगीजांचे राज्य नगरवर कधीही नव्हते.

आपल्यापर्यंत जे पोहोचले ते फार उशिरा आणि फार निराळ्या रीतीने. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने नगरला काम सुरू केले आणि शाळांचा पाया घातला. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळानंतर केंदळ, संगमनेर, वळण या भागांत जर्मन येशूसंघीय धर्मगुरू घोड्यावरून, बैलगाडीतून, पायी फिरू लागले. १८८६ मध्ये पुणे धर्मप्रांत झाला आणि १९८७ मध्ये त्यातून निघालेल्या नाशिक धर्मप्रांतात आपला जिल्हा आला. या सगळ्या वाटचालीत प्रथम कोणते चर्च उभे राहिले, हे शोधू जाल तर बहुतेक गावांतून एकच उत्तर मिळेल. प्रथम चर्च नव्हे, शाळा उभी राहिली. दिवसा तिच्यात मुले पाटी घेऊन बसत, संध्याकाळी रानातून आलेली माणसे कंदिलाच्या उजेडात प्रार्थना शिकत, आणि रविवारी फादर आले की त्याच खोलीत मिस्सा होई. शिकवणारे होते आपलेच मास्तर, म्हणजे धर्मशिक्षक. त्यांच्या हातात घंटा नसली तर रुळाच्या लोखंडी तुकड्यावर ठोका पडे. ज्यांना गावच्या शाळेत ओसरीवरही जागा नव्हती, त्यांची मुले तेथे एका रांगेत बसली. झेविअर यांचेच बंधू, त्यांच्याच संघाचे फादर, तीनशेहून अधिक वर्षांनी त्यांचीच रीत घेऊन आपल्या वस्त्यांवर आले होते.

पवित्र टेकडीवर एकाच जागी दोन स्मृती आहेत, एक विजेत्याच्या नवसाची आणि दुसरी शिक्षकाच्या घंटेची. पहिलीचा शिलालेख भिंतीवर आहे. दुसरीचा शिलालेख कोठेही नाही. पण आपण स्वतःला कोणाचे वारस म्हणवतो, असे विचारले तर नगरच्या माणसाने निःसंकोच घंटेकडे बोट दाखवावे. आपला विश्वास त्या वाटेने आला आहे.

आज आपल्या जिल्ह्यातही मोठमोठी चर्चेस उभी राहत आहेत. जुनी कौलारू प्रार्थनामंदिरे पाडून त्या जागी सिमेंटची छते येत आहेत. देवाचे घर प्रशस्त असावे ही इच्छा चांगलीच आहे. परंतु जुने पाडण्यापूर्वी त्याचे एखादे छायाचित्र घ्यावे, त्याची लांबी-रुंदी कोठेतरी लिहून ठेवावी, ते कोणत्या साली कोणी बांधले, दगड कोठून आणला, पहिले मास्तर कोण होते, हे गावातील वृद्धांना विचारून नोंदवावे, एवढी आमची धर्मग्रामांना विनंती आहे. पोर्तुगीजांनी आपल्या सेनापतीची आठवण दगडावर कोरली. आपल्या मास्तरांची आठवण आपण निदान कागदावर तरी उतरवली पाहिजे. आणि छत कितीही उंच झाले, तरी त्याखाली संध्याकाळी मुलांना प्रार्थना शिकवणारे कोणी उरले आहे ना, हे पाहिले पाहिजे. ते उरले नाही तर काय होते, याची साक्ष ऑगस्टीनचा मनोरा देतो. आणि खरे सांगायचे तर रिकाम्या टेकडीवरची रोझरीमाताही देते.

पुढच्या वेळी गोव्याला जाल तेव्हा बॅसिलिकेतून निघाल्यावर थोडी चढण चढा. पाच-दहा मिनिटांचीच वाट आहे. त्या लहानशा मंदिरापाशी थांबून जपमाळेचे एक दशक म्हणा. एक प्रणाम मारिया त्या १५१० च्या बळींसाठी, एक गार्सिया द ओर्तासाठी, एक कातारिनेसाठी, एक त्या तीनशे मुलांसाठी, आणि उरलेल्या सहा आपल्या गावातील त्या मास्तरांसाठी, ज्यांची नावे अद्याप कोणत्याही भिंतीवर लागलेली नाहीत.